जमिनीच्या पोटातला मका : युकातानच्या माया घरांत पीब कसं लावतात

पीब, म्हणजे जमिनीतली भट्टी, लावायचं म्हटलं की मक्याचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. आधी खड्डा, मग सरपण, मग दगड, मग दीड-दोन तास नुसती आग. ती आग बसली की कणसं खाली उतरतात, वर पानं आणि माती पडते आणि खड्डा गप्प होतो. त्यानंतर ढवळायला काही नाही, परतायला नाही, झाकण उचलून बघायचीही सोय नाही. मका चांगला होणार की बिघडणार, हे तो जमिनीत जाण्याआधीच ठरलेलं असतं. म्हणून या लेखात स्वयंपाकापेक्षा दगड, लाकूड आणि माती यांबद्दल जास्त वाचायला मिळेल.

मेक्सिकोतल्या युकातान भागात राहणाऱ्या माया लोकांच्या युकातेक माया भाषेत 'पीब' म्हणजे जमिनीतली भट्टी आणि 'नाल' म्हणजे मका, मक्याचं कणीस. दोन्ही मिळून 'पिबिनाल'. मेक्सिकन हॉटेलांच्या मेनूवर 'कोचिनिता पिबिल' हे डुकराच्या मांसाचं पक्वान्न दिसतं, त्यातलं 'पिबिल' हेच : पीबमध्ये शिजवलेलं. ती कोचिनिता आता बऱ्याच ठिकाणी साध्या ओव्हनमध्ये करतात. पिबिनालला मात्र खड्डाच लागतो. ओव्हनमध्ये भाजलेलं कणीस चांगलं लागेलही, पण ते पिबिनाल नव्हे.

ही पद्धत जिथली आहे तिथली जमीन आधी डोळ्यांपुढे आणा. युकातान, काम्पेचे आणि किंताना रो ही मेक्सिकोची तीन राज्यं मिळून युकातान द्वीपकल्पाचा बहुतेक भाग होतो. बराचसा तळहातासारखा सपाट, सगळा चुनखडीचा. वर मातीचा पातळ थर, तोही दगडांच्या खाचाखोचांत साठलेला. उत्तर भागात जमिनीवरून वाहणारी नदीच नाही; पाऊस पडला की पाणी चुनखडीतून झिरपून खाली जातं आणि जिथे छत कोसळलं असेल तिथे 'सेनोते' नावाच्या नैसर्गिक विहिरींत दिसतं. इथे नांगर चालत नाही. झाडी तोडायची, वाळवायची, पावसाच्या तोंडावर जाळायची आणि टोकदार काठीने भोक पाडून मका टोकायचा. सोबत घेवड्यासारखे वेल आणि भोपळा. या शेताला म्हणतात 'मिल्पा'. दगड पावलोपावली आणि जळण शेताच्या कडेला. त्या दगडाचंच चुलाण झालं, यात नवल नाही.

रीत जुनी आहे. मका मुळात दक्षिण मेक्सिकोतला. बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे 9000 वर्षांपूर्वी तेओसिंते नावाच्या रानगवतापासून माणसाने तो घडवला. युकातानच्या पूउक टेकड्यांत एस्कालेरा आल सिएलो नावाची जुनी माया वस्ती उत्खननात सापडली. तिथल्या एका स्वयंपाकघरात हजारेक वर्षांपूर्वीचे भाजलेल्या मातीचे गोळे मिळाले आणि त्यांवर मका, घेवडा, भोपळा यांच्या पिठूळ कणांचे अवशेष होते. हे गोळे तापवून त्यांच्या धगीवर अन्न शिजवत असावेत, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. तापलेल्या दगडात आग साठवून ठेवायची आणि मग ती सावकाश वापरायची, ही कल्पना म्हणजेच पीब.

मी हे शिकले वायादोलीद शहराच्या पूर्वेकडच्या एका लहानशा गावात, ऑक्टोबरात. ज्या घरी उतरले होते तिथल्या आजींना सगळे 'चीच' म्हणत. माया भाषेत आजीला हाच शब्द आहे. खड्डा त्यांच्या मुलाने आणि नातवांनी खणला, पण आग कधी बसली हे ठरवायचा हक्क चीचचा. पुढे दोन वर्षांनी सिन्नरजवळ दादाच्या शेतावर आम्ही तीन वेळा पीब लावलं. पहिल्या दोन वेळांनी जे शिकवलं तेही खाली ओघात येईलच.

कणीस कोणतं घ्यायचं

मिल्पात सगळा मका एकदम येत नाही. 'नाल तेल' हा बुटका, लवकर पिकणारा मका आधी हाताशी येतो आणि जुना साठा संपत आलेल्या दिवसांत घराला तारतो. 'श्नुक नाल' उशिरा येतो, त्याचं कणीस मोठं. सप्टेंबर-ऑक्टोबरात कोवळी कणसं भरली की पिबिनालचा मोसम सुरू होतो. बऱ्याच घरांत पहिली कणसं आधी मिल्पाच्या आणि पावसाच्या देवतांपुढे ठेवतात. या नैवेद्याला स्पॅनिशमध्ये 'प्रिमिसिया' म्हणतात. पहिला मान त्यांचा, घरच्यांनी नंतर खायचं.

आता नेमकी निवड. कणसाची पानं थोडीशीच बाजूला करून दाण्यात नख रुतवून बघा. दुधाची चिळकांडी उडाली तर ते कणीस फार कोवळं; ते उकडा, पीबमध्ये त्याची नुसती सुरकुतलेली सालं होतील. नख रुतलंच नाही तर तो मका झाडावरच वाळू द्या. नख रुततं, पण दूध न उडता दाट, पिठूळ चीक बोटाला लागतो, ते कणीस पिबिनालचं. आपल्याकडे ज्वारी हुरड्यावर आली की जी अवस्था असते, तीच ही. कणसाचे केस वाळून तपकिरी झालेले, पण पानं अजून हिरवीगार, ही बाहेरून ओळखायची खूण.

स्वीट कॉर्न घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात साखर जास्त आणि पिठूळपणा कमी. रात्रभर वाफेत राहून तो लगदा होतो. गावरान मक्याचं पीठ त्या मंद उष्णतेत फुगतं, दाणा घट्ट राहतो आणि चावताना चिवट-गोड लागतो.

कणसं त्याच दिवशी तोडलेली हवीत. तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठात बदलत जाते आणि उन्हात पडून राहिलेल्या कणसात हा बदल वेगाने होतो. पान एकही सोलू नका. पानांचे थर हेच कणसाचं भांडं. टोकाशी बाहेर आलेले वाळके केस तेवढे कापून टाका, कारण ते निखाऱ्याला लागले की पेट घेतात. देठ बोटभर ठेवा, काढताना धरायला बरं पडतं. पुढचं सगळं माप पन्नास कणसांचं आहे.

खड्डा आणि दगड

पन्नास कणसांना एक मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पन्नास-साठ सेंटिमीटर खोल खड्डा पुरतो. जास्त मोठा खणायचा मोह होतो, पण मोकळी राहिलेली जागा धग खाऊन टाकते. कडा शक्य तितक्या सरळ ठेवा. निघालेली माती दोन ढिगांत ठेवा : मऊ, चाळल्यासारखी एकीकडे; खडे-ढेकळांची दुसरीकडे. पुरताना मऊ माती आधी लागते आणि त्या घाईत निवडत बसायला वेळ नसतो. युकातानमध्ये यासाठी 'कान्काब' ही तांबडी माती वापरतात. ती बारीक असते, दाबली की चिकटून बसते.

जागा निवडताना वर फांद्या नकोत, खाली मोठी मुळं नकोत आणि आसपास कडबा, वाळकं गवत, गंजी काहीही नको. मुळाला लागलेली आग जमिनीखालून सरकत जाते आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडे वर येते. पाण्याची दोन घमेली आणि फावडं शेवटपर्यंत हाताशी असू द्या.

आता दगड. इथे घाई अंगाशी येते. नारळाएवढे पंचवीस ते तीस दगड लागतात. फार लहान दगड लवकर निवतात, फार मोठे आतपर्यंत तापत नाहीत. युकातानमध्ये चुनखडीचेच दगड घेतात, पण कुठलीही चुनखडी चालत नाही. तिथली माणसं दगड हातात घेऊन तोलतात, एकमेकांवर आपटून आवाज ऐकतात. घट्ट दगड खणखणतो. ठिसूळ किंवा चीर गेलेला बद्द वाजतो आणि बाजूला पडतो. 'सास्काब' ही तिथली मऊ पांढरी चुनखडी भट्टीला अजिबात घेत नाहीत, ती भुगा होते. चांगला दगडही कायमचा टिकत नाही. फार तापलेल्या चुनखडीच्या पृष्ठभागाचा कळीचा चुना होऊ लागतो, दगड पांढरा पडतो आणि बोटाला पूड लागते. असा दगड काढून टाकायचा. ती पूड अन्नाला लागता कामा नये.

ओला दगड सगळ्यात धोक्याचा. दगडाच्या आत मुरलेलं पाणी तापून त्याची वाफ झाली आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की दगड फुटतो. सिन्नरला पहिल्या वेळी आम्ही शेजारच्या ओढ्यातले सुंदर गोल गोटे आणले होते. चार दिवस उन्हात ठेवलेले, वरून खडखडीत वाळलेले. आग लागून वीस मिनिटं झाली आणि एक गोटा बंदुकीच्या बारासारखा फुटला. त्याची कपची दहा पावलांवर टांगलेल्या गोणपाटात घुसली. मुलं तिथे नव्हती, हे नशीब. नदी-ओढ्यातला, विहिरीतला, पाणथळ जमिनीतला दगड कधीही घेऊ नका. सिमेंटच्या विटा आणि काँक्रीटचे तुकडेही नकोत, तेही फुटतात.

आग

सरपण कठीण लाकडाचं हवं. युकातानमध्ये 'हाअबिन', 'चुकुम', 'कात्सिन' अशी स्थानिक झाडं वापरतात. सगळी जड लाकडाची, बराच वेळ निखारा धरणारी. एवढ्या खड्ड्याला चाळीसेक किलो लागतं. रंग दिलेलं, फर्निचरचं, प्लायवूडचं लाकूड जाळू नका. त्या धुरावर आणि राखेवर अन्न शिजणार आहे.

रचना अशी : तळाशी वाळक्या काटक्या आणि ढलप्या. त्यावर मनगटाएवढी लाकडं आडवी-उभी, जाळीसारखी, मधे हवा खेळेल अशी. त्यावर जाड ओंडके. आणि सगळ्यात वर, लाकडांच्या माथ्यावर, दगड. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे उलटं वाटतं. पण दगड खाली ठेवले तर त्यांच्यावर राखेचं पांघरूण पडतं आणि जाळ वर निघून जातो. वर ठेवले की ज्वाळा त्यांच्या अंगाखांद्यावरून जातात. लाकूड जळत खाली बसतं तसे दगडही हळूहळू खाली उतरतात आणि शेवटी निखाऱ्यांवर येऊन टेकतात. दोन्ही टोकांनी एकदम पेटवा, म्हणजे ढीग एका बाजूला कलत नाही. दगड रचताना थोडा वेळ द्या, जाड दगड मधे ठेवा. पेटल्यावर किमान अर्धा तास कोणी जवळ जायचं नाही.

पुढचा दीड-दोन तास आग तिचं काम करते. तुम्ही दगडांचा रंग बघत राहायचं. आधी ते धुराने काळे होतात. काळा दगड म्हणजे कच्चा दगड, हे लक्षात ठेवा. उष्णता वाढली की त्याच्यावरची काजळीच जळून जाते आणि दगड परत स्वच्छ, फिकट दिसू लागतो. सगळे दगड असे उजळले, सावलीत पाहिलं तर खालच्या दगडांच्या फटीत लाली दिसली, ज्वाळा संपून नुसते रसरशीत निखारे उरले, की आग बसली. चीच एक हिरवं पान लांब काठीच्या टोकाला लावून दगडावर टेकवायची. पान चरचरून आक्रसलं आणि लगेच काळं पडलं तर ती मान हलवायची. नुसतं मऊ पडलं तर म्हणायची, अजून नाही.

आता धुमसणारी अर्धवट लाकडं एकूण एक बाहेर काढायची. हे टाळू नका. दुसऱ्या वेळी आम्ही दोन ओंडके आत तसेच राहू दिले. माती टाकल्यावर हवा तुटली, ते रात्रभर धुमसले आणि सगळी कणसं डांबरासारखी कडू झाली. पिबिनालला धुराचा वास असतोच, पण तो जळून गेलेल्या लाकडाचा आणि करपलेल्या पानांचा. कोंडलेल्या धुराचा नाही.

लाकडं निघाली की लांब हिरव्या बांबूने किंवा खांबाने दगड सारखे पसरा, खाचखळगे राहू देऊ नका. एक दगड उंच राहिला तर त्यावरची कणसं करपतात आणि खळग्यातली कच्ची राहतात.

पुरणं

इथून पाच मिनिटं खरी धावपळ असते. उघडा दगड प्रत्येक मिनिटाला धग गमावतो. म्हणून दगड पसरण्याआधीच कणसं, पानं, झाकण आणि माती चारही बाजूंना मांडून ठेवा आणि कोण काय टाकणार ते ठरवून घ्या. चार माणसं असली तर उत्तम.

पहिला थर ओल्या हिरव्या पाल्याचा, चांगला चार-पाच बोटं जाड. युकातानमध्ये हाअबिनच्या डहाळ्या, केळीची पानं, मक्याचीच हिरवी ताटं वापरतात. काही घरांत हा थर न घालता कणसं थेट दगडांवर ठेवतात आणि बाहेरची दोन-तीन पानं जळू देतात. त्याने वास जास्त उतरतो, पण हात सरावलेला लागतो. पहिल्यांदा करत असाल तर पाला घाला. वाफ या पाल्यातून आणि कणसांच्या पानांतूनच येते. वरून पाणी शिंपडायची गरज नाही. रसरशीत दगडावर पाणी ओतणं तर धोक्याचं, दगडही फुटतो आणि वाफेने हातही भाजतो.

पाल्यावर कणसं आडवी, एकमेकांना टेकून, दोन किंवा फार तर तीन थरांत. जाड कणसं खाली आणि मधे, बारीक वर आणि कडेला. त्यावर परत पाला, आधीपेक्षा जाड. मग झाकण. तिथे बरेच जण जस्ताचा पत्रा टाकतात. पत्रा पाल्याच्या वर असतो, आगीपासून दूर, म्हणून चालतं. तोच पत्रा जाळावर ठेवला तर जस्ताचा विषारी धूर होतो. पत्रा नसेल तर जुनी सुती पोती भिजवून, पिळून दोन थरांत घाला. प्लॅस्टिकची गोणी नको.

मग माती. आधी मऊ, कडांपासून मधे येत, हाताने थापत, मग जाड. एक वीतभर तरी थर व्हायला हवा. टाकून झाली की मागे सरकून गुडघ्यावर बसा आणि मातीकडे टक लावून बघा. कुठून तरी पांढरी रेघ निघतेच. जिथे वाफ दिसेल तिथे मूठभर माती, वरून थाप. पुन्हा बघा. पंधरा-वीस मिनिटं हे चालतं. चीचचा धाकटा नातू हेच काम करत होता. प्रत्येक रेघ बुजवली की तो तिथे अंगठ्याचा ठसा उमटवायचा, म्हणजे पुन्हा फुटली तर कळावं. मी तेव्हापासून तसंच करते.

मातीला कान लावला तर आत बारीक चुरचुर ऐकू येते. तासाभराने ती थांबते.

उघडणं

कणसं तीन-चार तासांत शिजतात आणि घाई असेल तर तेव्हा काढता येतात. पण पिबिनालची खरी गोडी रात्रभर ठेवण्यात आहे : संध्याकाळी पुरायचं, सकाळी उघडायचं. पहिले काही तास वाफ दाणा शिजवते. मग ओल कमी होत जाते, दगड अजून गरम असतो आणि उरलेल्या रात्रीत मका मंदपणे भाजला जातो, थोडा आटतो. उकडलेलं कणीस आणि पिबिनाल यांतला फरक या दुसऱ्या टप्प्यात पडतो.

उघडताना माती फावड्याने कडेला ओढा, पाल्यात सांडू देऊ नका. झाकण तुमच्यापासून लांबची कड आधी उचलत काढा, तोंड बाजूला ठेवून. वाफ दिसत नसली तरी भाजते. कणसं बाहेर आली की पानं तपकिरी, कातड्यासारखी, काही कडा जळालेल्या. एकेक पान सोललं की शेवटची दोन-तीन अजून पिवळसर मऊ निघतात आणि त्यांच्या आत दाणे : मध्यावर किंचित खळगा पडलेले, गडद सोनेरी, कडेला तपकिरी छटा. हाताला ओलसर नाही लागत. वास भाजल्या पिठाचा, धुराचा आणि ओल्या पानाचा.

त्या सकाळी चीचच्या अंगणात आम्ही ती नुसतीच खाल्ली. लिंबू, मीठ आणि कुटलेली मिरची लावूनही खातात. सोबत 'सिकिल पाक' छान लागतं. भोपळ्याच्या भाजलेल्या बिया आणि टोमॅटो वाटून केलेली ही चटणीच म्हणा. पिबिनालच्या मोसमात युकातान राज्याची राजधानी मेरिदाच्या बाजारात खेड्यांतून आलेल्या बायका ही कणसं पानांसकट विकायला बसतात.

त्याच भट्टीत मुकबिल पोयो

31 ऑक्टोबर ते 2 नोव्हेंबर हे 'हनाल पिशान'चे दिवस, म्हणजे आत्म्यांचं जेवण. पहिला दिवस गेलेल्या लेकरांचा, दुसरा मोठ्यांचा, तिसरा सगळ्यांचा. घरातल्या देव्हाऱ्यासारख्या मांडणीवर अन्न ठेवतात आणि त्यात मुख्य असतं 'मुकबिल पोयो'. 'मुक' म्हणजे पुरणं. लोक बोलताना त्यालाही नुसतं 'पीब'च म्हणतात. आठ दिवसांनी 'बिश' येतो, तेव्हा अनेक घरांत ते पुन्हा होतं. आपल्याकडच्या पितृपक्षाच्या पानाशी हे किती जवळचं आहे, हे मला तिथे बसून जाणवलं होतं.

हे वाळक्या मक्याचं आहे, त्यामुळे आधी मक्याला चुना द्यावा लागतो. एक किलो मका, तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम खायचा चुना. मंद आचेवर पाऊण तास, मग झाकून रात्रभर. सकाळी चोळून दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, साल सुटून येते. मग पाणी न वाढवता घट्ट वाटायचा. चुन्याने दाण्याचं साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि मक्यात अडकून पडलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागतं. ही प्रक्रिया न करता वर्षानुवर्षं मक्यावरच जगणाऱ्यांना जगात इतरत्र पेलाग्रा हा नायसिनच्या कमतरतेचा रोग झाला. एक किलो मक्याचं पावणेदोन ते दोन किलो वाटण होतं.

त्यात चारशे ग्रॅम डुकराची चरबी, मीठ, दोन-तीन चमचे 'रेकादो रोहो' मळायचं. हे लाल वाटण आचिओतेच्या बियांचं. आचिओते म्हणजे आपली शेंद्री; ती कोकणात, गोव्यात कुंपणाला दिसते, पण तिचं मूळ घर अमेरिका. मिरे, लवंग, जिरं, ऑलस्पाइस, ओरेगानो, लसूण आणि आंबट संत्र्याचा रस त्यात असतो. पिठात शिजवलेले 'इश्पेलोन' मिसळतात. हे दाणे काळे असले तरी मुळात चवळीच आहे. ती आफ्रिकेतून तिकडे पोहोचली.

आतलं सारण : दीड किलो कोंबडी आणि अर्धा किलो डुकराचं मांस रेकादो, मीठ, लसूण घालून आधी पूर्ण शिजवून घ्यायचं. भट्टीच्या भरवशावर कच्ची कोंबडी ठेवू नका. उरलेल्या लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम मक्याचं वाटण कालवून, ढवळत दाट करायचं. हे झालं 'कोल'. पिठल्यापेक्षा थोडं पातळ.

केळीची पानं जाळावरून फिरवून मऊ करा, आडवी-उभी अंथरा. पिठाची दोन बोटं जाड परात थापा, कडा वर घ्या. आत मांस, टोमॅटोच्या आणि कांद्याच्या चकत्या, एपाझोते या उग्र वासाच्या पाल्याची पानं, अख्खी न चिरलेली हाबानेरो मिरची, वरून कोल. पिठाचंच झाकण लावून कडा चिमटा, पानांत गुंडाळा, दोरीने बांधा. पीबमध्ये दीड ते दोन तास. वरून भाकरीसारखं कडक आणि आत लुसलुशीत झालं की झालं. शाकाहारी करायचं तर चरबीऐवजी तेल आणि मांसाऐवजी चवळी नि लाल भोपळा घ्या. इश्पेलोनचं बिनमांसाचं पीब तिथेही होतं.

आपल्याकडे करायचं तर

हुरड्याची आगटी आणि रायगडातली पोपटी माहीत असलेल्याला पीब अनोळखी वाटणार नाही, पण एक फरक लक्षात ठेवा. आगटीत जिवंत निखाऱ्यात भाजतो, पोपटीत मडक्याभोवती जाळ असतो. पीबमध्ये अन्न जाताना ज्वाळा संपलेली असते.

दगड घाटावर काळा बसाल्ट घ्या, खाणीतला किंवा माळावरचा, घट्ट. ज्याला बारीक भोकं आहेत आणि त्यांत पांढरे स्फटिक चमकतात तो नको. ते बहुधा झिओलाइट असतात आणि त्यांच्या रचनेतच पाणी असतं. कोकणातला जांभा सच्छिद्र, तोही नको. पहिल्यांदा वापरायचे दगड आधी एकदा रिकाम्या आगीत, लांब उभं राहून, हळूहळू तापवून घ्या. जो फुटायचा तो तेव्हाच फुटेल. सरपणाला बाभूळ उत्तम. पाल्याला केळीची पानं आणि मक्याची ताटं. कण्हेर, रुई यांचा पाला चुकूनही नको.

आपला खरिपाचा मका ऑगस्ट-सप्टेंबरात चिकात येतो आणि तेव्हा जमीन ओली असते. उंचवट्यावर खणा, आदल्या दिवशी खड्ड्यात एक लहान आग करून तो सुकवा आणि रात्री पत्रा टाकून झाका. ओला खड्डा निम्मी धग माती सुकवण्यातच घालवतो.

पन्नास कणसं एका सकाळी संपत नाहीत. उरलेली पानं मागे वळवून, जोडी बांधून उन्हात दोन-चार दिवस टांगा, मग चुलीच्या वर, धुराच्या वाटेत. कडकडीत वाळली की महिनोन्‌महिने टिकतात. हवी तेव्हा दाणे काढायचे, भिजवायचे, जाडसर वाटून पाण्यात शिजवायचे. त्याची पेज म्हणजे पिबिनालचं आतोले. खड्डा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच राहू द्या, निवले की दगड मोजून काढा, चिरलेले टाकून द्या आणि चांगले पावसापासून झाकून आडोशाला ठेवा.